महागूच्या पाठीवरचे खूर

माझ्या उजव्या भुवईवर ही जी आडवी खूण आहे ना, ती महागू गोवाऱ्याची. नातवंडं विचारतात, आजोबा, वाघाशी लढलेत काय? मी म्हणतो, वाघ परवडला. महागूची काठी मला लागली ती चुकून. त्याला मारायचं होतं माझ्या थोरल्या भावाला, सुखरामला, आणि मी नेमका मध्ये उभा. रक्त डोळ्यात उतरलं, मी मटकन खाली बसलो. महागू थांबला. वाकून माझं तोंड न्याहाळलं आणि म्हणाला, "अबे, हा तं पुनाराम! बाजूले बस ना बे, मधात काहून येतं?" एवढं बोलून माझ्या डोक्यावरून पाय टाकून तो सुखरामकडे गेला, आणि सुखरामनं त्याचे समोरचे दात पाडले.

आता असा माणूस. त्याची गोष्ट सांगायची तर मारामारी टाळून कशी सांगणार? जो टाळायला सांगेल, त्यानं दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी.

आमचं खैरटोला कटंगीपासून दोन कोसांवर. धानाचं गाव. तलाव, तलावाच्या पाळीवर चिंचा, पलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. महागू गुराख्यांच्या गोवारी जातीचा, गावाचा गायकी, म्हणजे गावातली सगळी ढोरं चारणारा. सकाळी आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, घरोघरची जनावरं येऊन उभी राहत आणि महागू ती हाकलत जंगलात नेई. त्याचा बाप हेच करायचा, आजाही हेच. उंचीनं ठेंगणा, छाती ढोलासारखी, आणि राग असा की चिलीम पेटायला उशीर लागेल पण महागू पेटायला नाही. मोहाच्या झाडाखाली अस्वलाशी भिडला तेव्हा अस्वलानं त्याचा कान फाडला आणि ह्यानं अस्वलाच्या नाकावर असा ठोसा दिला की ते शिंकत पळालं. हे मी पाहिलेलं नाही, पण फाटलेला कान पाहिलाय, आणि शिंकणारं अस्वल महागू इतकं हुबेहूब करून दाखवायचा की पाहिल्यासारखंच आहे.

स्वतःच्या लग्नात तर त्यानं कमालच केली. वाजंत्र्याच्या डफड्याला बुजून सासऱ्याची कालवड दावं तोडून पळाली. नवरदेव अंतरपाटाआडून उठला, वाजंत्र्याला धरून बडवला, डफडं त्याच्याच डोक्यात घातलं, कालवड धरून आणली आणि मग येऊन उभा राहिला. नवरी म्हणजे अंजना. तिनं मुंडावळ्या बाजूला सारून विचारलं, "झालं काय? का मलेबी दोन लावतं?" मांडव हसून हसून लोळला.

पण एक सांगतो. माणसांना झोडपणाऱ्या ह्या माणसानं गाईला कधी काठी लावली नाही. जिभेनं टक् टक् करायचा, आणि अख्खी बरदी, म्हणजे तो सगळा कळप, वळायचा. त्याची काठी गाईंसाठी नव्हतीच, ती आमच्यासाठी होती.

आणि दिवाळीच्या पाडव्याला गोधन. त्या दिवशी गाईंची शिंगं गेरूनं रंगवायची, गळ्यात झेंडूच्या माळा घालायच्या, आणि आखरावर सगळं गाव जमायचं. गोवारी डफडी वाजवत नाचायचे. मग महागू उघड्या अंगानं शेणाच्या सड्यावर पालथा पडायचा, हात डोक्याखाली घेऊन, आणि सगळी बरदी त्याच्या अंगावरून हाकलायची. हौ, अंगावरून! खूर पाठीवर, कुल्ल्यांवर, मांड्यांवर. गाय आपल्या गायक्याला मारत नाही असा त्यांचा विश्वास. मग तो उठायचा, पाठ गावाला दाखवायचा, आणि सगळं गाव खूर पाहायला धावायचं. त्याचा बाप असाच पडायचा. ती जागा म्हणजे महागूची इज्जत. काठी, बरदी आणि ती जागा, ह्यापलीकडे त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि त्याला लागतही नव्हतं.

भुवई फुटली ते साल छप्पन. नागपूरला दीक्षा झाली, आमची वस्ती बौद्ध झाली, आणि आम्ही ठरवलं की मेलेलं ढोर आजपासून ओढायचं नाही. त्याच महिन्यात टिकाराम पटेलाचा बैल मेला. टिकाराम म्हणजे गावातला मोठा कास्तकार, मिशीला तेल लावणारा, त्याचा शब्द खाली पडला तर उचलायला चार माणसं. त्यानं निरोप धाडला. सुखरामनं उलट निरोप दिला, "पटेलाले म्हणा, बैल तुमचा, खांदाबी तुमचाच लावा." झालं. नाल्यावर लाठ्या निघाल्या. महागू पटेलाच्या बाजूनं होता, कारण बैल त्याच्या हाताखाली वाढलेला आणि त्याला सडू द्यायचा म्हणजे त्याला सहन होईना. त्या दिवशी माझी भुवई गेली, महागूचे दात गेले, सुखरामची एक बरगडी गेली. पण बैल आम्ही ओढला नाही. शेवटी टिकारामाच्या गड्यांनीच नाकाला फडकं बांधून तो नाल्याच्या काठापर्यंत फरफटत नेला आणि टाकून पळाले.

तेव्हापासून तीच रीत झाली. ढोर मेलं की मालकानं नाल्यापर्यंत ओढायचं आणि सोडून द्यायचं. बाकी काम गिधाडांचं. पूर्वी आमची माणसं कातडं काढायची, हाडं गोळा करून तुमसरच्या व्यापाऱ्याला द्यायची, नाला स्वच्छ असायचा. आता हाडं तिथंच. सुखराम आणि महागू मात्र त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. समोरासमोर आले की दोघंही थुंकायचे, आणि ते इतक्या नेमानं की लोक वेळ ओळखायचे.

मग आले पासष्ट-सहासष्टचे कोरडे हंगाम. जंगलात गवत नाही, घरी खायला घालायला फक्त तणीस, धानाचा वाळका पेंढा. ढोरं मेली, नाल्याकाठ पांढरा झाला. आणि जी जगली त्यांचं काहीतरी बिघडलं. गाई माजावर येईनात. गावाचा वळू हिरा नुसता उभ्यानं झोपायचा, त्याला काही कामच नाही. एखादी गाभण राहिलीच तर वासरू मेलेलं पडायचं, वार आत अडकून राहायची, वास सुटायचा. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे गाई हाडं खाऊ लागल्या.

आजच्या पोरांना हे खोटं वाटतं. खोटं नाही. बरदी नाल्यावर पाणी प्यायला उतरली की गाई हाडांवर तुटून पडायच्या. एकेक फासळी दाढेत धरून तासन्‌तास कुरकुर कुरकुर चावायच्या. तोंडातून लाळ, डोळे अर्धे मिटलेले. काहींच्या माना मग एका बाजूला वळायच्या, पाय लुळे पडायचे, आणि त्या बसल्या जागी मरायच्या. गोमाता हाड चघळते हे पाहून म्हाताऱ्या बायकांनी कानावर हात ठेवले.

सगळ्यात वाईट होती चांदी. ती टिकारामाची गाय, पांढरीशुभ्र, तिच्या दुधाचा पटेलाला फार गर्व. एक दिवस ती बैलाच्या मांडीचं हाड दाढेत धरून उभी होती. महागूनं गोड बोलून पाहिलं, टक् टक् केलं, शेवटी तोंडात हात घालून हाड ओढायला गेला. चांदीनं दाढ दाबली. करंगळीचं पेर गेलं. महागू ओरडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गाईला काठी मारली. एक नाही. मारत सुटला. पाठीवर, शिंगांवर, नाकावर. चांदी मार खात राहिली पण हाड सोडलं नाही. तिच्या नाकातून आणि ह्याच्या हातातून रक्त गळत होतं. मी पलीकडच्या बांधावरून पाहत होतो. मग महागूनं काठी टाकली, तिच्या मानेला मिठी मारली आणि लहान पोरासारखा भोकाड पसरून रडला.

त्या साली गोधनाला तो पालथा पडला. बरदी अंगावरून गेली. उठला, आणि गाव खूर पाहायला धावलं, तर पाठीवर काहीच नाही. लाल ओरखडेसुद्धा धड नाहीत. कोणी म्हणालं, वा, काय देवाची कृपा! महागू पांढरा पडला होता. तो म्हणाला, "वजनच नाही हो ह्याइच्यात. पाखरं गेल्यासारखी गेली अंगावरून. आत काही नाही. पोकळ हायेत सगळ्या."

टिकाराम पुढे आला. "पोकळ कोणाच्या हातानं झाल्या? गायकी तू. तुह्या राखणीत गाय हाड खाते. पुढच्या गोधनापर्यंत गाई भरल्या नाही, गाभण राह्यल्या नाही, तं ही काठी आखरावर ठेवायची अन् गाव सोडायचं. तुह्या जागी दुसरा गोवारी आणतो मी, तो पडंल इथं."

जमलेल्या गोवाऱ्यांनीही माना डोलावल्या. महागूनं उत्तर म्हणून पटेलाच्या मिशीला हात घातला. चौघांनी मिळून त्याला सोडवलं, आणि मग चौघांनी मिळून मारलं.

आता हा मार पचवणं सोपं होतं. पण काठी जाणार, जागा जाणार, हे त्याच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरू लागलं. कोणीतरी कानात घातलं की ही करणी आहे. हाडं ज्यांनी टाकली त्यांची करणी. ज्यांनी ढोर ओढायचं सोडलं त्यांचा डाव. दुसऱ्या दिवशी भर दुपारी महागू कुऱ्हाड घेऊन आमच्या वस्तीत आला.

"सुखराम! निंग भाईर! आज तुही खांडोळी करतो!"

सुखराम भाकर खात होता. हात न धुताच मुसळ घेऊन निघाला. कुऱ्हाडीचा पहिला घाव दाराच्या चौकटीत बसला, अजून आहे तिथं, येऊन पाहा. मुसळ महागूच्या खांद्यावर बसलं. दोघं अंगणात लोळले. एकमेकांचा गळा धरलेला, डोळे बाहेर आलेले, तोंडातून फेस. मी सोडवायला गेलो तर दोघांनीही मलाच लाथ घातली. तेवढ्यात माझी वहिनी शेवंताबाई गोठ्यातून आली आणि पाण्यानं भरलेली घागर दोघांच्या तोंडावर ओतली.

"करणी म्हणतं ना तू?" ती महागूला म्हणाली. "चाल, दाखवतो तुले करणी. ऊठ!"

कानाला धरून, तो फाटलेलाच कान, तिनं त्याला आमच्या गोठ्यात नेलं. आमची एकुलती एक गाय भिंतीची माती चाटत होती. चाटून चाटून भिंतीला खड्डा पडलेला. पायाशी सुखरामची जुनी चप्पल, अर्धी चावलेली.

"बोल आता. आम्ही करणी केली तं पयले आपल्याच गाईवर करू काय रे, मुडद्या? दोन सालापासून हिनं वासरू नाही देल्लं. माह्या घरात च्याले दूध नाही."

महागू गाईसमोर उकिडवा बसला. तिनं जीभ काढून त्याच्या मनगटावरचा घाम चाटला, मग रक्त चाटलं. त्यानं मनगट तसंच पुढे धरलं. मग म्हणाला, "हेबी तेच मागून राह्यली." कुऱ्हाड चौकटीतच सोडून तो गेला. सुखराम मागून ओरडला, "अबे, तुही कुऱ्हाड ने!" महागू म्हणाला, "राहू दे. परत येनंच हाये मले." काय म्हणायचं अशा माणसाला!

तो गेला थेट कटंगीला, ढोरांच्या डॉक्टरकडे. बंडोपंत त्यांचं नाव, बालाघाटच्या जुन्या सरकारी नोकरदार घरातले, डोक्यावर काळी टोपी, सायकलीच्या दांड्याला पेटी. महागूनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण दोन दिवसांत ते खैरटोल्याला आले. आखरावर गाव जमलं. त्यांनी गाई पाहिल्या, हाडं पाहिली, तणीस हातात घेऊन वास घेतला.

"तुमच्या गाईंना भूत लागलेलं नाही," ते म्हणाले. "त्यांची हाडंच आतून झिजली आहेत. जंगलातल्या चाऱ्यात आणि तणसात जे कमी पडतं ते हाडांत असतं, म्हणून त्या हाडं शोधतात. तेच कमी पडलं की गाय माजावर येत नाही, वासरू धरत नाही. आणि सडकं हाड खाल्लं की त्यातल्या विषानं लुळी पडून मरते. म्हणून हाडं अशी पडू देऊ नका. गोळा करा, चांगली पांढरी होईपर्यंत जाळा, कुटून पीठ करा, मिठात कालवून रोज मूठभर द्या."

मग टिकारामानं हळूच विचारलं, "म्हणजे गाईले गाईची हाडं खाऊ घालायची?"

"हो. हाडाची राख."

पटेलाची थप्पड एवढ्या जोरात बसली की बंडोपंतांची टोपी उडून शेणात पडली. मग सगळेच तुटून पडले. कोणी कोट फाडला, कोणी पेटी फोडली, बाटल्या दगडावर आपटल्या. सायकल उचलून तलावात फेकली. आणि खरं सांगू, त्या गर्दीत महागूही होता. डॉक्टरला ज्यानं बोलावलं त्यानंच त्यांना पहिली लाथ घातली. बंडोपंत गुडघ्यापर्यंत चिखलात उभे, ओठ फुटलेला, आणि ओरडत होते, "मला मारा, पण सायकल काढून द्या! सरकारी आहे ती!" शेवटी सायकल मीच बुडी मारून काढली. त्यांनी मला धन्यवाद दिले आणि ओठावरचं रक्त पुसत म्हणाले, "तुमच्या त्या गोवाऱ्याला सांगा, गाई जे तोंडानं सांगताहेत तेच मी सांगितलं."

हे मी महागूला सांगितलं. तो नाल्यावर बसला होता, समोर चांदी हाड चघळत होती. तो म्हणाला, "पुनाराम, गाय मागून राह्यली अन् मी तिले मारून राह्यलो. डाक्टर सांगून राह्यला अन् मी त्यालेबी मारलो. माह्या हाताले दुसरं काही येतच नाही काय रे?"

मग तो सुखरामकडे आला. ह्या वेळी हात रिकामे. अंगणात उभा राहून म्हणाला, "हाडं जाळायची हायेत. मले काही ठाऊक नाही ह्यातलं. तुमचा हात लागला तं..."

सुखराम ओट्यावरून उतरला. मला वाटलं, आता मुसळ उचलतो. तो शांतपणे म्हणाला, आणि त्याचं शांत बोलणं मारापेक्षा जड असायचं: "हाड उचलायचं नाही म्हणून माही बरगडी मोडली. माह्या भावाची भुवई फुटली. दहा वर्सं पटेलाच्या विहिरीचं पाणी नाही भेटलं आमाले. अन् आता तू म्हणतं, हाड उचल. नाही उचलत, महागू. तुही गाय मरो का जगो, आमच्या वस्तीतला एकबी हात हाडाले लागनार नाही."

महागूनं मान खाली घातली. "बराबर हाये तुहं," म्हणाला आणि वळला.

"थांब बे," सुखराम म्हणाला. "गोष्ट पुरी ऐकत जा. तू उचल. तू गोवारी, गाई तुह्या, हाडंबी तुह्या गाईंची. तू उचलशील तं पटेल तुले मारायले येईन. तेव्हा मी काठी घेऊन तुह्या बाजूनं उभा राहतो. काठी धरायले मले कोणी मना नाही केलं."

महागूनं हाडं उचलली. जन्मभर ज्यानं शेणाशिवाय कशाला हात लावला नाही त्यानं टोपलीत हाडं भरली, उलट्या करत करत. अंजनानं रडत रडत गोवऱ्या आणून दिल्या, पण टोपलीला शिवली नाही. नाल्याच्या काठी खड्डा खणला, हाडं-लाकडं रचली, पेटवली. सगळा दिवस धूर. असा वास की तलावावरच्या बगळ्यांनीही जागा सोडली. गावानं धूर पाहिला आणि गोवाऱ्यांनी सांगून टाकलं की महागू आता आमच्यात नाही.

दुसऱ्या सकाळी राख गार झाली. हाडं खडूसारखी पांढरी. महागू दगडावर दगडानं कुटत बसला, अंगभर राख, नुसते डोळे दिसायचे. बरदी पलीकडे चरत होती. सुखराम आणि मी काठ्या घेऊन उभे. आणि टिकाराम आला. बरोबर गडी, आणि त्यांच्यामागे गोवारीसुद्धा.

मी मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण तशी नाही. बोलणं झालंच नाही. पहिली लाठी सुखरामनं अडवली, दुसरी माझ्या गुडघ्यावर बसली आणि मी खड्ड्याच्या कडेला पडलो, तिथून पडल्या पडल्या ज्याचा पाय दिसेल त्याला चावत होतो. सुखरामनं एकाचं डोकं फोडलं, त्याचं रक्त राखेत सांडून काळं पडलं. महागू हातातला दगड घेऊनच उठला होता. दहा वर्षं एकमेकांवर थुंकणारे ते दोघं पाठीला पाठ लावून लढत होते आणि मध्येच भांडतही होते. "डावीकडे पाहा ना बे!" "तू आपलं सांभाळ, मले शिकवू नको!" आणि तेवढ्यात टिकारामाची लाठी महागूच्या उजव्या हातावर पडली. काडकन आवाज आला. हात कोपराखाली भलतीकडेच लोंबू लागला. महागू गुडघ्यावर आला. पटेलानं डोक्यावर घालायला लाठी पुन्हा उचलली.

आणि गाई आल्या.

कोणी हाकलल्या नाहीत. वारा फिरला असेल, राखेचा वास गेला असेल. चरता चरता त्यांनी माना वर केल्या आणि सरळ आमच्यात घुसल्या. लाठ्या, शिव्या, रक्त, कशालाच जुमानलं नाही. कोणी खड्ड्यात तोंड घातलं, कोणी कुटलेलं पीठ चाटू लागलं, एक तर माझ्या डोक्यालाच चाटत होती. लाठी फिरवायची तर गाईला लागणार. गोवाऱ्यांनी काठ्या पटापट खाली केल्या. गडी मागे सरले. आणि टिकारामाच्या उगारलेल्या लाठीखाली येऊन उभी राहिली चांदी, त्याचीच. ती महागूच्या मोडक्या हातावरची राख चाटत होती. वर रक्त, खाली राख, ती दोन्ही चाटत होती. महागू वेदनेनं थरथरत होता पण हात मागे घेत नव्हता.

"मार," तो म्हणाला. "मले मार, नाहीतं हिले मार. तुहीच हाये."

टिकाराम किती वेळ तसा उभा राहिला! मग लाठी हळूहळू खाली आली. तो गड्यांकडे वळून म्हणाला, "मी आज नाल्यावर आलतो काय रे?"

गडी गोंधळले.

"नाही आलतो! काही पाहिलं नाही मी. तुम्हीबी नाही पाहिलं. चाला घराकडे!" आणि दोन पावलं जाऊन, मागे न पाहता, महागूला म्हणाला, "गोधनाचं मात्र पक्कं हाये. गाई भरल्या नाही तं गाव सोडायचं."

त्या दिवसापासून कोणीच काही पाहिलं नाही. अख्खं गाव आंधळं झालं. रोज दुपारी जंगलात जिथं बरदी रवंथ करत बसायची तिथं महागू डाव्या हातानं मीठ घातलेलं पीठ मूठ मूठ वाटायचा; सुखरामची गायही आता बरदीत जाऊ लागली होती. गावात विचारलं तर, कसलं पीठ? आम्हाला नाही ठाऊक. पण सांजेला एकेका गाईच्या मालकिणीनं मिठाचा खडा पदराआडून महागूच्या टोपलीत टाकलेला मी पाहिलाय. बंडोपंतही नंतर येऊन गेले, सायकल मात्र दुरूनच झाडाला कुलूप लावून ठेवली. महागूचा हात त्यांनी बांधला म्हणून जागेवर राहिला, जरी वाकडाच जुळला. ते म्हणाले, मी ढोरांचा डॉक्टर. महागू म्हणाला, मग बराबर जागी आलात.

उन्हाळ्याच्या तोंडी एक दिवस हिरा वळू झोपेतून उठला. असा उठला की दोन कुंपणं तोडली, टिकारामाच्या गड्याला शिंगावर घेऊन उकिरड्यावर फेकला. गडी शिव्या देत होता आणि महागू आनंदानं नाचत होता. मग पाऊसही बरा झाला. पुढे बंडोपंत म्हणायचे, पावसालाही थोडं श्रेय द्या. महागू म्हणायचा, देतो, पण पावसानं मार नाही खाल्ला.

मग आलं गोधन. शिंगं रंगली, डफडी वाजली. गाई गोल दिसत होत्या, पण दुष्काळानंतरचं गवत खाऊन कोणीही गोल दिसतं. टिकाराम म्हणाला, पोट चाऱ्याचं का वासराचं, हे कोणी सांगावं? गोवाऱ्यांनी महागूला जातीबाहेर टाकलेलं, त्यांनी दुसरा गडी आणून ठेवला होता पालथा पडायला. महागूनं त्याला एका हातानं उचलून बाजूला ठेवला, वाकडा हात पोटाखाली घेतला आणि शेणाच्या सड्यावर पालथा पडला.

"हाकला!"

पहिली गाय पाठीवर चढली आणि महागूच्या तोंडून असा हुंकार निघाला की अंजनानं डोळे मिटले. दुसरी. तिसरी. चामडी फाटत होती, आम्हाला दिसत होतं. पाठ लाल झाली, मग ओली झाली. कोणीतरी ओरडलं, थांबवा, मरंल तो! आणि खालून, शेणात तोंड खुपसलेल्या माणसाचा आवाज आला. तो हसत होता.

"हे कबरी! भरली हाये!... आई गं... हे सुखरामची! भरली! दोघंजनं गेले माह्या पाठीवरून, माय अन् लेकरू!... हे नाही, हे नुसतीच खाऊन फुगली हाये... हे भरली!"

डोळे जमिनीत आणि तो पाठीवरच्या वजनावरून एकेक गाय ओळखत होता. बायका आपापल्या गाईचं नाव ऐकून किंचाळत होत्या. सगळ्यात शेवटी चांदी आली, डुलत, जड, आणि ऐन पाठीच्या मध्यावर पाय देऊन उभीच राहिली. आत काहीतरी कटकन मोडलं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ती उतरली. महागू हलेना. टिकाराम स्वतः धावला, गुडघे टेकून त्याला उताणा केला. तोंडातून रक्त येत होतं, दात नसलेल्या जागेतून.

"पटेल," महागू म्हणाला, "बरगडी गेली. पन तुह्या चांदीच्या पोटात गोऱ्हा हाये. लय जड हाये साला, बापावर गेला."

टिकारामानं महागूची काठी उचलून त्याच्या डाव्या हातात दिली. महागूनं ती घेतली, उठता येईना म्हणून तिच्यावर रेलला, आणि सुखरामकडे पाहून थुंकला. सुखरामही थुंकला. मग टिकाराम आणि सुखराम, दोघांनी मिळून त्याला घरी नेला.